खाँसाहेबांनी नाकारलेली तालीम

सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात आपण नागपूरकर नाटके पाहतो, सत्कार उरकतो. पण ज्यांचे नाव तिथे आहे त्यांचा गळा याच गावात तयार झाला, हे बोलण्यात क्वचितच येते. १९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव नागपुरात वाढले, शंकरराव सप्रे यांच्या संगीत विद्यालयात शिकले. (सी. रामचंद्रही सप्रे गुरुजींचेच विद्यार्थी.) पुढे लाहोरला असद अली खाँ, पुण्यात सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ असे गुरू त्यांनी केले आणि मास्टर दीनानाथांची गायकी मनात मुरवली. एवढी शिदोरी घेऊन हा माणूस कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होता.

त्यांचे नाव घराघरांत पोचले ते १९६७च्या डिसेंबरात, ‘कट्यार काळजात घुसली’मधून. वय सत्तेचाळीस. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर हेही नागपूरचेच, ‘रंजन कला मंदिर’चे, आणि मूळचे शाळामास्तर. मला हा योगायोग वाटत नाही. ‘कट्यार’ हे मुळात शिकवण्याबद्दलचे नाटक आहे. खाँसाहेब आफताब हुसेन सदाशिवाला विद्या द्यायला नकार देतात आणि तो ती चोरून ऐकून मिळवतो. संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांनी दोन घराण्यांतला हा झगडा प्रेक्षकांच्या कानांपर्यंत नेला. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोन चालींत येते : एक संथ, सालगवराळीतली, प्रसाद सावकारांच्या गळ्यातली, दुसरी धानीतली, वसंतरावांची, चपळ आणि आक्रमक. शब्द तेच, पण गाण्याचा पिंड निराळा. गायकी म्हणजे काय, हे समजावणारा याहून चांगला धडा मला कुठल्या पाठ्यपुस्तकात आढळलेला नाही.

मात्र हा धडा शिष्याच्या हाती देणे अवघड असते. पाश्चात्त्य ऑपेरात गायकासमोर बहुतेक सारे स्वर लिहिलेले असतात. आपल्या संगीत नटाला चालीचा सांगाडा मिळतो आणि बाकीचे त्याने त्या रात्री, त्या प्रेक्षकांसमोर उभे करायचे असते. वसंतरावांचे गाणे तर बेभरवशाच्या वळणांचेच. त्याची नक्कल केली की हरकती उरतात, त्यांमागचा विचार हरवतो.

तो विचार त्यांनी स्वतः उलगडून दाखवला तो ‘मराठी नाट्यसंगीताची वाटचाल’ या सप्रयोग व्याख्यानांतून. गोविंदराव टेंबे यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहून आपले चिंतन कागदावर ठेवले. वसंतरावांनी भाष्य आणि उदाहरण दोन्ही गळ्यावरच सोपवले. विषयही तसाच आहे. १८८०च्या ‘शाकुंतला’त साकी, दिंडी, कीर्तनी वळणे होती, १९११च्या ‘मानापमाना’त टेंब्यांनी ठुमरी-कजरीचा पूरब बाज आणला, १९१६च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांत रुजवल्या. हा प्रवास नुसता वाचला तर सनावळी हाती लागते. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांच्यातला फरक कळायला तो कुणीतरी गाऊन दाखवावाच लागतो, आणि तसे करू शकणारा भाष्यकार विरळाच.

१९८३च्या जुलैत वसंतराव गेले, तेव्हा नातू राहुल जेमतेम चार वर्षांचा होता. आजोबांसमोर बसून तालीम घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने इतर गुरूंकडे शिक्षण घेतले आणि आजोबांचे गाणे ध्वनिमुद्रिकांतून ऐकून ऐकून उचलले. म्हणजे रीत जवळजवळ सदाशिवाचीच. २०१० साली ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आली, तेव्हा राहुल देशपांडे यांनी भूमिका केली ती मात्र खाँसाहेबांची.