वस्तऱ्याने घरीच दाढी करायची? आधी गाल जमू द्या, मग हनुवटीकडे वळा

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील सलूनमध्ये कारागिराच्या हातात वस्तरा असतो, पण तो जुन्या काळचा नव्हे. त्याच्या खाचेत नेहमीचे ब्लेड मोडून अर्धे बसवलेले असते. गिऱ्हाईक उठले की ते टाकून द्यायचे. अखंड पोलादी पात्याचा, पुन्हा पुन्हा धार लावून वर्षानुवर्षे वापरायचा वस्तरा आता ऑनलाइन मिळतो आणि व्हिडीओ पाहून तो गालाला लावण्याचा मोह होतो. हिंदीत माकडाच्या हाती उस्तरा देतात, मराठीत कोलीत. नवशिक्याने दोन्ही म्हणी लक्षात ठेवाव्यात.

आजोबा असेच दाढी करायचे?

बहुतेक घरांत नाही. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. धोकटी घेऊन तो दारी येई आणि वस्तरा त्याच्याच हातात राही. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये बदलत्या ब्लेडच्या रेझरचे पेटंट मिळाले. असे रेझर घरोघरी पोहोचल्यावरच स्वतःची दाढी स्वतः करणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. म्हणजे घरी वस्तरा चालवणे हा विसरलेला वारसा नाही. ते मुळात कारागिराचे कसब आहे आणि त्याला कारागिराइतकाच सराव लागतो.

पहिला हात कसा टाकावा?

आंघोळीनंतर केस मऊ असतात, तेव्हाच बसावे. भरपूर फेस करावा. फुगवलेल्या फुग्याला फेस लावून तो न फोडता काढणे, हा हात बसवण्याचा जुना सराव आहे. पहिले काही दिवस फक्त कानाजवळचा सपाट गाल वस्तऱ्याने करावा, उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. हनुवटी आणि गळा शेवटी.

मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरावी. पाते गालाशी साधारण ३० अंशांत ठेवावे. फार आडवे झाले तर केस ओढले जातात, फार उभे झाले तर कातडी सोलते. आधी केसांच्या दिशेनेच, आखूड हात मारावेत. पाते धारेच्या लांबीच्या दिशेने, सुरी ओढावी तसे, कधीही सरकू देऊ नये; खोल जखमा त्यानेच होतात. वस्तरा हातातून सुटला तर तो झेलायला जाऊ नये. पाते बिघडेल, बोटे वाचतील.

धार कशी टिकते?

नवा वस्तरा दाढीयोग्य धारेचा असेलच असे नाही. विकत घेताना तेच आधी विचारावे. दर दाढीपूर्वी तो चामड्याच्या पट्ट्यावर ३०-४० वेळा फिरवायचा. पाठ पुढे, धार मागे. उलटे झाले तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. वळवताना पाते पाठीवरूनच पलटावे. दगडावर धार लावण्याची वेळ काही महिन्यांनी येते. ते काम सुरुवातीला जाणकाराकडेच द्यावे.

रत्नागिरीत गंजाचे काय?

इथे खरी परीक्षा दाढीनंतर सुरू होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्रावरून येणारी खारी हवा. मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे साध्या कार्बन पोलादाला गंज लवकर चढतो. धारेवरचा बारीकसा ठिपकाही दाढी करताना टोचतो. पाते बिजागरीपर्यंत कोरडे पुसावे, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवावा आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तो हवेशीर जागी टांगावा. मिऱ्या किंवा भाट्यासारख्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत स्टेनलेस पाते घेतलेले बरे. त्याला धार लावणे थोडे जिकिरीचे, पण गंजाची कटकट कमी.

हे जमणार नसेल तर सलूनसारखा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आहेच. त्याला पट्टा नको, दगड नको. मात्र नवे ब्लेड नवशिक्याची चूक पदरात घेत नाही.

कोणी दूर राहावे?

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, जखम लवकर न भरणारे मधुमेही आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या असलेले. किरकोळ कापल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन तुरटी लावावी. रक्त थांबत नसेल तर जखम दाबून धरून डॉक्टर गाठावा. घरातल्या दोघांनी एकच वस्तरा वापरू नये. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, पाते पुसून तो जात नाही. सलूनमध्येही नवे ब्लेड आपल्यासमोर मोडून बसवायला सांगावे.