पेडल वर, पेडल खाली

तळोद्याहून धडगावला निघालेली गाडी कोठार मागे पडलं की चांदसैलीच्या घाटाला लागते, आणि तिथून ड्रायव्हरच्या डाव्या पायाला उसंत नसते. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोईच्या घाटातही तेच. शहाद्याच्या सपाटीवरून तोरणमाळला पोचायचं तर जवळपास हजार मीटर चढावं लागतं. नंदुरबार जिल्ह्याच्या या सातपुड्याकडच्या भागात वर्षानुवर्षं माणसं, पोती, शेळ्या आणि नवरदेवसुद्धा वाहिले ते जीपने. आत बसलेले, टपावर चढलेले आणि मागे लटकलेले असे सगळे मोजले, तर त्या क्लचने काय सोसलं याची कल्पना येईल.

परदेशात जुन्या स्पोर्ट्स कारच्या क्लच-गिअरबॉक्सवर लोक तासन्‌तास वाद घालतात. आपल्या घाटातली जुनी जीप त्याच पंगतीची आहे, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटिश एमजीबी ही दोन आसनी गाडी 1962 ला आली. 1967 पर्यंत तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून देणारी रिंग, नव्हता. विलीजच्या आराखड्यावर महिंद्राने आपल्याकडे बनवलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-3बी जीपलाही तो नाही. तिच्या टी-90 गिअरबॉक्समध्ये पुढचे गिअर तीनच. त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, पहिला आणि रिव्हर्स मात्र सरळ दात घुसवणारे. म्हणून चढावर चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. ज्याला हे जमत नाही तो गाडी थांबवतो.

एमजीबीची क्लच प्लेट बदलायची तर सहसा अख्खं इंजिन बाहेर काढतात. जीपचा गिअरबॉक्स खालून उतरतो, पण पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केस त्याला चिकटलेली, आणि ते धूड पोटावर घेणाऱ्या हेल्परला विचारा! चुकीच्या निदानाची किंमत दोन्हीकडे मोठी. म्हणून चांगला मिस्त्री पाना उचलण्याआधी गाडीत बसतो.

"मिस्त्री, गिअर पडत नाही," ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सवर जातो. दोष खरंच कुठे आहे याची परीक्षा साधी आहे. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. एवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबायला हवा. तरीही खर्रर्र झालं तर क्लच पुरता सुटत नाही. मग लिंकेज ढिलं आहे का, प्लेट वाकली आहे का, पायलट बुश शाफ्टला धरून बसलं आहे का, हे बघायचं. पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या जीपची प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटते, हेही आलं. उलट उभ्या गाडीत सगळं गुपचूप आणि चालत्या गाडीत फक्त दुसरा खरखरत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली.

घाटाच्या उतारावर दुसरा आपोआप सटकणं हा टी-90 चा जुना खोडसाळपणा. रेस सोडली की दातांवरचा जोर उलटा येतो आणि झिजलेले दात, फोर्क किंवा कमजोर गोळी-स्प्रिंग गिअरला धरून ठेवू शकत नाहीत. ड्रायव्हर एका हाताने दांडा दाबून धरतात. त्याने फोर्क आणखी झिजतो, पण उतारावर हे कोण ऐकणार?

आवाजाचं शास्त्र मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे पेडलच यंत्राचे तुकडे वेगळे करून दाखवतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी आणि पेडल वर असताना इनपुट शाफ्ट आणि खालचा लेअर शाफ्ट फिरत असतात. घरघर येते आणि पेडल दाबल्यावर बंद होते? मग बेअरिंग गिअरबॉक्समधलं. पेडलवर नुसता पाय टेकवताच किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण खाली, गिअर टाकलेला आणि तरी चीं-चीं चालू असेल तर पायलट बुशकडे बघा, कारण तेव्हा शाफ्ट थांबलेला असतो आणि फ्लायव्हील त्याच्याभोवती फिरत असतं.

मग गाडी चालवायची. पहिल्या-दुसऱ्यात ओरडणारा गिअरबॉक्स टॉपमध्ये शांत झाला तर संशय लेअर शाफ्टवर, कारण टॉपमध्ये जोर त्याला वगळून सरळ पुढे जातो. जीपमध्ये टॉपलाही एक रडका सूर उरतो तो ट्रान्सफर केसचा. तिथे हाय रेंजमध्येसुद्धा जोर दात्यांमधूनच जातो, त्यामुळे तो सूर ऐकून घाबरायचं नसतं. गिअर ऑइल काढल्यावर त्यात सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रो रिंगची पितळी भुकटी. थोडी असतेच. पोलादाचे कण बोटाला टोचले तर मात्र खोलायला पर्याय नाही.

घाटात क्लच स्लिप मारतो, म्हणजे इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. आधी पेडलचा प्ले बघायचा. तो शिल्लकच नसेल तर रिलीज बेअरिंग कायम टेकलेलं राहतं आणि प्लेटवर पुरता दाब बसत नाही. लिंकेजचा नट फिरवून भागण्यासारखं काम कित्येकदा नव्या प्लेटच्या बिलावर जातं.

प्ले ठीक असून प्लेट पुन्हा पुन्हा जळत असेल तर मी गाडीच्या पोटाखाली वाकून बघायला सांगेन. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी एक ड्रम असतो, तिथे तो लागतो. ट्रान्सफर केसचं मागचं सील गळालं की ऑइल थेट त्या ड्रममध्ये उतरतं, लायनर भिजतात आणि हँडब्रेक नावापुरता उरतो. मग चढावर प्रवासी घेताना ड्रायव्हर गाडी हाफ क्लचवर तोलून धरतो, दर थांब्याला, दिवसभर. जळका वास क्लचचा येतो, म्हणून प्लेट बदलली जाते. नवी प्लेटही त्याच वाटेने जाते, कारण सील तसंच गळत असतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस उतरलेलेच असताना ते सील, पायलट बुश आणि रिलीज बेअरिंग सोबतच बदलून घ्यावं. मजुरी वेगळी पडत नाही.