मांजराच्या पोटातली गाठ

मांजर आपलं दुखणं सांगत नाही, कपाटाखाली जाऊन बसतं. म्हातारं मांजर वाळू लागलं, अधूनमधून ओकू लागलं की आपण म्हणतो, वय झालं. कधी ते वय नसतं, लिम्फोमा असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाची एक जात आहे, तिचा हा कॅन्सर. म्हाताऱ्या मांजरांत तो बहुधा आतड्यात होतो.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. पोटावरचे केस काढायचे, जेल लावायचं. निरोगी आतड्याची भिंत दोन-तीन मिलिमीटर जाड आणि पदरापदरांची दिसते. कुठे पदर पुसून गाठ झालेली असते, कुठे एकच पदर जाड झालेला, शेजारच्या लसिका ग्रंथी फुगलेल्या. पण आतड्याच्या जुनाट सुजेतही अगदी असंच दिसू शकतं. पडद्यावर आकार कळतो, जात कळत नाही.

म्हणून सुई. इंजेक्शनचीच बारीक सुई, पडद्यावर पाहत गाठीत किंवा ग्रंथीत घालायची. आलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या, मायक्रोस्कोपखाली पाहायच्या. लिम्फोसाइट मोठमोठ्या, तांबड्या पेशीच्या दुप्पट-तिप्पट दिसल्या, तर निदान बहुधा तिथेच होतं. लहान असल्या तर पंचाईत, कारण निरोगी लिम्फोसाइटही तशाच दिसतात.

आमच्या अकरा वर्षांच्या शब्बोचा अहवाल तसाच आला: लहान पेशी, निश्चित सांगता येत नाही. आपा चिडली. "मग टोचलं कशाला बिचारीला?" तिचा राग मला समजत होता. पण मोठ्या पेशींचा आजार असण्याची शक्यता त्या टोचण्याने पुष्कळ कमी झाली होती. सुईतून येतात त्या सुट्या पेशी. सुटी अक्षरं हाती आली म्हणून ओळ वाचता येत नाही. पेशी भिंतीत कशा शिरल्यात ते पाहायला आतड्याचा तुकडाच लागतो, दुर्बिणीतून किंवा पोट उघडून काढलेला. या वयात भूल द्यावी का, यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी दिली. लहान पेशींचा लिम्फोमाच निघाला.

एवढा खटाटोप उपचारासाठी. लहान पेशींच्या आजारात प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिल या गोळ्या घरीच देता येतात. (दुसरी गोळी आपा हातमोजे घालून देते, ते आवश्यकच आहे.) पुष्कळ मांजरं त्यावर दोन वर्षं, कधी अधिकही, बऱ्यापैकी जगतात. मोठ्या पेशींच्या आजाराला इंजेक्शनची केमोथेरपी लागते आणि हिशेब बहुधा महिन्यांचाच असतो.

आणखी एक. ओकाऱ्या थांबाव्यात म्हणून आधीच स्टिरॉइड सुरू झालं, तर या पेशी मरतात, सूजही उतरते आणि नमुन्यात काही सापडेनासं होतं. तेव्हा नमुना आधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको. मांजर फारच खचलं असेल तर मात्र ते थांबणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.