परसबागेतील उन्हाळी शेंगा : कोवळी केव्हा तोडावी, जून केव्हा राखावी

पावसाळ्यात शाळेची परसबाग हिरवीगार असते. माघ सरला की ती ओस पडू लागते. पाणी कमी, ऊन कडक आणि पुढे मे महिन्याची सुट्टी, ही कारणे नेहमी सांगितली जातात व ती खरीही आहेत. तथापि उन्हातच जोमाने वाढणाऱ्या काही शेंगभाज्या आहेत. त्यांची निवड नीट केली आणि शेंगेचे वय ओळखण्याची सवय मुलांना लावली, तर एप्रिलअखेरपर्यंत मुलांच्या ताटात ताजी भाजी पडते आणि सुट्टीच्या काळात पुढील वर्षाचे बी तयार होते.

प्रथम निवडीचा विचार करू. वालाचा वेल फेब्रुवारीत लावला तर तो मांडवभर पसरतो, पण बहुधा शेंग धरीत नाही. हा दोष खताचा किंवा पाण्याचा नव्हे. वालाचे पुष्कळसे गावरान वाण व चौधारी घेवडा दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. आपल्याकडे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. एवढा फरक या वेलींना पुरतो. श्रावणघेवड्याची अडचण निराळी; कडक उन्हात त्याची फुले गळून पडतात. म्हणून उन्हाळ्यासाठी गवार आणि चवळी हीच पिके घ्यावीत. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे पुसा नवबहार (गवार) व पुसा फाल्गुनी, पुसा दोफसली (चवळी) हे वाण या हंगामासाठी आहेत. त्यांच्या जोडीला हातभर लांब शेंगांची वेलचवळी एका मांडवावर अवश्य लावावी. ती साध्या चवळीच्याच जातीची असून तिची शेंग एक ते दोन फूट वाढते. मोजपट्टी घेऊन रोज शेंग मोजण्यात मुलांना गोडी वाटते आणि गणिताचा पाठही होतो.

थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बी टोकावे. बी सुमारे एक इंच खोल असावे. झुडपी चवळी व गवार यांच्या ओळींत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. वेलचवळीला पुरुषभर उंचीचा मांडव करावा. हात धुण्याचे साबणविरहित पाणी चर काढून ओळींकडे वळवावे. गवारीला बेताचेच पाणी लागते. चवळीला मात्र फुलोऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण पडू देऊ नये. युरियाची आवश्यकता नाही. एखादे रोप अलगद उपटून मुळांवरील गाठी मुलांना दाखवाव्यात. गाठ फोडली असता आतून गुलाबी दिसली, तर तेथील जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देत आहेत असे समजावे. चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा पडतो. असे शेंडे आरंभीच खुडून टाकावेत. न हटल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

पेरणीपासून साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी तोडणी सुरू होते, आणि येथेच बहुतेक बागा फसतात. बी तयार करणे हे झाडाचे मुख्य कार्य होय. दोन-चार शेंगा वेलीवर जून होऊ दिल्या की झाडाची शक्ती त्या बियांकडे वळते व नवी फुले कमी होतात. म्हणून एक दिवसाआड तोडणी झालीच पाहिजे. शेंग वाकविताच कट्‌कन मोडली, तिला दोर सुटला नाही आणि आतील दाण्यांचे उंचवटे वरून दिसले नाहीत, म्हणजे ती कोवळी. मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीकडे एक ओळ द्यावी आणि तोडलेल्या शेंगांचे वजन वहीत मांडून ठेवावे.

स्वयंपाकातही शेंगेचे वयच महत्त्वाचे. शेंगा आधी धुवाव्यात व मग चिराव्यात; चिरल्यावर पाण्यात ठेवल्यास क जीवनसत्त्व पाण्यात उतरून वाया जाते. गवारीचे दोर काढून, ओव्याची फोडणी देऊन, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावी व शेवटी दाण्याचे कूट घालावे. वेलचवळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. ती लवकर शिजते. कोकणात तीवर ओले खोबरे घालतात, देशावर कूट किंवा तीळ चालतात. कोवळ्या शेंगेत पाण्याचा अंश फार असतो, म्हणून ही भाजी डाळीच्या जोडीला द्यावी, डाळीऐवजी नव्हे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. कुंपणावर वाढणारी अबई पुष्कळ गावांत आढळते. तिची कोवळी शेंग दोर काढून, बारीक चिरून, उकडून खातात. पण तिच्या जून बियांत विषारी द्रव्ये असतात व पाणी बदलून पुष्कळ वेळ उकळल्यावाचून त्या खाण्याजोग्या होत नाहीत. शालेय पोषण आहारात अबईच्या जून शेंगा किंवा बिया वापरू नयेत. घेवड्याचे कच्चे दाणेही मुलांना तोंडात टाकू देऊ नयेत.

आता सुट्टीचा प्रश्न. एप्रिलच्या मध्यास प्रत्येक पिकाची निरोगी, भरघोस अशी चार-पाच झाडे निवडून त्यांना रंगीत दोरा बांधावा व त्यांवरील तोडणी थांबवावी. मे महिन्यात एवढीच झाडे जगवावयाची असल्याने दर चार-पाच दिवसांनी दोन घागरी पाणी पुरते. हे काम शाळेजवळच्या एखाद्या पालकाकडे सोपवावे. शेंगा वाळून खुळखुळू लागल्या की काढाव्यात. ही पिके बहुतांशी स्वपरागित असल्याने बी मूळ वाणासारखेच निपजते. बी सावलीत खडखडीत वाळवून, चाळलेल्या राखेत मिसळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे. नाहीतर भुंगेरे ते पोखरतात. बाटलीवर वाणाचे नाव, बी देणाऱ्या घराचे नाव व वर्ष लिहावे.

ही शेवटची नोंद किरकोळ समजू नये. गावातील एखाद्या आजीबाईंच्या उतरंडीत असलेला वाण दोन-तीन वर्षे पेरला गेला नाही, तर बी निर्जीव होते आणि तो वाण गावातून कायमचा जातो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह अनेक गावरान वाण जतन केले. त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. जे ज्ञान शाळेबाहेर इतक्या निष्ठेने राखले गेले, त्याला शाळेतही जागा मिळावी. या वर्षी प्रत्येक शाळेने गावातून निदान एक जुना शेंगवाण मिळवावा, तो त्याच्या योग्य हंगामात पेरावा आणि पिकलेल्या बियांतून मूठभर बी ज्या घरातून आणले त्या घरी परत पोचवावे.