श्रोत्यांच्या घरी नवा आवाज

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राची मुलगी आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून निवडली गेली. निवड झाली त्या दिवशी पेढे घेऊन घरी आली होती. दीड महिन्याने पुन्हा आली, ती चेहरा पाडून. म्हणाली, "काका, मला हे जमेलसं वाटत नाही. रोज कुणी ना कुणी विचारतंच, आधीच्या ताई कुठे गेल्या? एकानं तर लिहिलं, तुम्ही फार घाईत असता, तुम्हाला गाडी पकडायची असते का?"

मला हसू आले. तिला वाटले, मी थट्टा करतोय. पण मला माझेच दिवस आठवले होते. तिला त्या संध्याकाळी जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. रेडिओवर नवा आवाज येतो तेव्हा त्या आवाजाचे काय होते आणि ऐकणाऱ्यांचे काय होते, हे बाहेरून सहसा कळत नाही.

मी १९९३ साली या कामाला लागलो. बी.ए. झालो होतो, तालुक्याच्या गावी एका दूध संघात कारकुनी करत होतो. कविता लिहीत होतो, कविसंमेलनांत वाचत होतो. आवाज बरा आहे असे लोक म्हणत. तेवढ्या भांडवलावर आवाजाची चाचणी दिली आणि पास झालो. महिन्याला सहा ड्युट्या मिळत. पहाटेची ड्युटी असली की चारला उठून सायकल काढायची.

पहिल्याच दिवशी कळले की उद्घोषक हा बोलण्याआधी हमाल असतो. रेकॉर्ड लायब्ररीतून तबकड्या आणायच्या, फितींची रिळे तपासायची, क्यू शीटप्रमाणे सगळे क्रमाने लावून ठेवायचे. एका टर्नटेबलवर गाणे वाजत असताना दुसऱ्यावर पुढच्या गाण्याची सुई अचूक जागी ठेवायची. घड्याळाकडे एक डोळा, फेडरवर एक हात. कार्यक्रम काही सेकंद जरी गप्प झाला, तरी ऐकणाऱ्याला वाटते रेडिओ बिघडला. तो उठून रेडिओच्या पाठीवर थापटी मारतो. आज तबकड्या गेल्या, सगळे संगणकात आले; पण ती शांततेची भीती तशीच आहे.

मग मायक्रोफोन. कविसंमेलनात आम्ही शेवटच्या रांगेसाठी आवाज चढवतो. स्टुडिओतला माइक वीतभर अंतरावर असतो. तुमचा श्वास, कागदाची सळसळ, सुकलेल्या जिभेचा आवाज, सगळे तो टिपतो. 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि रेडिओवर धप्प असा आवाज होतो. म्हणून तोंड किंचित बाजूला धरून बोलायचे असते. पहिल्या दिवशी मी सवयीने आवाज लावला. काचेपलीकडच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने हातानेच खुणावले, खाली ये. नंतर चहा पिताना ते म्हणाले, "तू सभेत बोलत नाहीस. तू एका बाईच्या स्वयंपाकघरात उभा आहेस. ती भाकरी थापते आहे. तिच्याशी बोल."

रेडिओ ऐकणारे लाखभर असोत, प्रत्येक जण एकटाच ऐकत असतो किंवा घरातल्या चौघांत ऐकत असतो. त्यामुळे 'तमाम श्रोते बंधुभगिनींनो' असे ओरडलात, तर त्या स्वयंपाकघरातली बाई दचकते. मला सगळ्यांत जड गेले ते वेगळेच. कवीला दादेची सवय असते. ओळ टाकली की समोरून प्रतिसाद येतो, त्यावरून पुढची ओळ कशी म्हणायची ते ठरते. स्टुडिओत लाल दिवा लागतो आणि समोर कोणी नसते. दाद येते ती तीन दिवसांनी, पोस्टाने.

आणि पोस्टाने दाद येईल याची खात्री नसते. माझ्या आधी जे उद्घोषक होते ते निवृत्त झाले होते आणि त्यांना लोक घरचे मानत. सुरुवातीची बहुतेक पत्रे त्यांच्याच चौकशीची. मग एक १५ पैशांचे पोस्टकार्ड माझ्या नावे आले, म्हणजे 'सकाळचे नवीन निवेदक' यांच्या नावे. एका शेतकऱ्याचे होते. लिहिले होते : "तुम्ही सांगता तो चारा आमची जनावरं खाणार नाहीत."

मी चक्रावलो. सहकाऱ्याला दाखवले. ते हसत सुटले. मराठीत 'च' दोन आहेत. 'चार' या आकड्यातला एक, आणि जनावरांच्या 'चारा'तला, दातांशी जीभ लागून होणारा, दुसरा. लिहिताना दोन्ही सारखेच लिहितात, त्यामुळे कागद वाचणाऱ्याला मदत करत नाही. आमच्या घरी दखनी बोलतात. तिच्यात तो दुसरा 'च' नाहीच. शाळेपासून पदवीपर्यंत मराठीत शिकलो, कविता मराठीत लिहिल्या, पण घाईत वाचताना जीभ घरच्या वळणावर जायची. शेतीच्या कार्यक्रमात मी दहा वेळा 'चारा' म्हणालो होतो, दहाही वेळा आकड्यातला. गुरुजींनी न पकडलेली चूक एका ऐकणाऱ्याने पकडली.

मन खट्टू झाले होते. तेव्हा त्याच सहकाऱ्यांनी मला अमीन सयानींची गोष्ट सांगितली. सयानी मूळचे इंग्रजी निवेदक. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आकाशवाणीच्या हिंदी निवेदनासाठी चाचणी दिली, तेव्हा उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा आहे म्हणून त्यांना नाकारले गेले. ही हकिगत ते स्वतःच मुलाखतींतून सांगत. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि ते काम या तरुणाकडे आले. लिहायचे, बोलायचे, पत्रे बघायची, सगळे एकट्याने. मोबदला आठवड्याला २५ रुपये.

त्या वेळची परिस्थिती त्यांच्या पथ्यावर पडली. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते कैवारी; चित्रपटगीतांना आकाशवाणीवर त्यांच्या काळात कात्री लागली. श्रोत्यांनी रेडिओची सुई सरळ सिलोनकडे वळवली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांना काय आवडावे हे वरून ठरवता येत नाही, हा त्यातला धडा.

पण गाणी तर इतरांकडेही होती. सयानींनी केले ते असे की, त्यांनी भाषा बदलली. त्यांच्या आई कुलसुम सयानी या गांधीजींच्या प्रेरणेने प्रौढ साक्षरतेचे काम करत. 'रहबर' नावाचे त्यांचे नियतकालिक एकच सोपी हिंदुस्तानी भाषा देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापत असे. घरातल्या त्या कामात मुलगा मदत करायचा. कोणता शब्द कोणाला कळेल आणि कोणाला अडेल, याचे शिक्षण त्याला तिथे मिळाले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि लघुलहरींवरून तो आवाज पेशावरपासून मद्रासपर्यंत ऐकू येई. एवढ्या पसरलेल्या लोकांशी बोलायचे तर भाषा कोणा एकाची असून चालणार नव्हते. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली, आणि पुढे ती आठवड्याला ६५,००० वर गेली, असे ते सांगत. झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे आडबाजूचे गाव फर्माईशींच्या पत्रांमुळे देशभर माहीत झाले. ज्या उच्चारांसाठी नाकारले गेले, तोच माणूस २०२४ साली वारला तेव्हा लोकांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

इथे 'श्रोता' या शब्दाचा अर्थ नीट पाहायला हवा. नुसता कानाने ऐकणारा तो श्रोता, असे आपण समजतो. आपल्या महाराष्ट्रात १९५६ साली एक प्रयोग झाला होता. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून १५० गावांसाठी शेतीचे २० कार्यक्रम झाले, आठवड्याला दोन. प्रत्येक गावात श्रोता मंडळ होते. लोकांनी एकत्र बसून ऐकायचे, नंतर चर्चा करायची, आणि शंका केंद्राला कळवायच्या. त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. ज्या गावांत मंडळे होती तिथल्या लोकांच्या माहितीत, मंडळे नसलेल्या गावांपेक्षा, स्पष्ट वाढ दिसली. पुढे ही पद्धत देशभर नेली गेली. ऐकणाऱ्याने परत बोलावे, यासाठी केलेली ती व्यवस्था होती. माझा पोस्टकार्डवाला शेतकरी त्याच परंपरेतला. त्याने तक्रार केली नव्हती, तो माझ्या कार्यक्रमात भाग घेत होता.

म्हणून मी मित्राच्या मुलीला म्हटले, आधी तुझी लहर कुठवर जाते ते बघ. लघुलहर देश ओलांडते. मध्यम लहर दिवसा जिल्ह्या-दोन जिल्ह्यांत आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन फार लांब पोहोचते. एफएम साधारण नजरेच्या टप्प्यात चालते, डोंगर आडवा आला की अडते. सामुदायिक रेडिओ तर १०-१५ किलोमीटरचा. स्वयंसेवी संस्थांना २००६ साली त्याची परवानगी मिळाली आणि २००८ साली सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाला. तिथे बोलणाऱ्याने पुण्याची मराठी बोलली, तर शेजारच्या वाडीत लोक म्हणतील, हा कोण पाहुणा आला? लहर जितकी आखूड, तितकी भाषा घरची लागते. खासगी एफएमवर २००१ नंतर जे आरजे आले, त्यांच्या भरधाव बोलण्याला आपण नावे ठेवतो. पण गर्दीत गाडी चालवणाऱ्याला जागे ठेवणारा आवाज तसाच असणार. तुझा ऐकणारा गाडीत आहे, गोठ्यात आहे की दवाखान्यात, हे कळले की वेग आपोआप ठरतो.

"आणि आधीच्या ताईंचं काय करू?" तिने विचारले.

मी सांगितले, त्यांचे नाव आले की प्रेमाने वाच. त्यांची नक्कल करू नकोस आणि त्यांना पुसायलाही जाऊ नकोस. लोक जुन्या आवाजाची आठवण काढतात, तेव्हा ते तुला हेच सांगत असतात की आम्ही आवाजाला जीव लावतो. पत्र असो, फोन असो, मोबाइलवरचा निरोप असो, ऐकणाऱ्याचे आणि त्याच्या गावाचे नाव बरोबर उच्चार. शंका आली तर आधी विचारून घे. चार गाणी चुकली तरी माफ होते. माणसाचे नाव चुकले की तो वर्षभर विसरत नाही.

नावावरून राहिलेली एक गोष्ट सांगतो. पहिले काही महिने मी प्रसारणात माझे नाव सांगत नसे. आमच्याकडे ते उद्घोषकावर सोडले होते. १९९२ च्या डिसेंबरनंतर आणि १९९३ च्या जानेवारीनंतर हवा कशी होती, ते तुम्हाला आठवत असेल. गावात कोणी मला काही बोलले नव्हते. तरी मनात होते : आवाज आवडतोय, नाव कळल्यावर आवडेल का? सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "ठरव तू. पण ज्याच्या घरात रोज सकाळी जातोस, त्याला नाव न सांगता किती दिवस जाणार?"

एका सकाळी फर्माईशी संपल्यावर मी पूर्ण नाव सांगितले आणि सभा संपवली. आठवडाभर पोस्टाची पेटी उघडताना हात थरथरायचा. मग ओळखीच्या अक्षरातले पोस्टकार्ड आले. त्याच शेतकऱ्याचे. दोनच ओळी होत्या : "नाव कळले. चारा आता बरोबर म्हणता."

एवढेच. नावावर त्याला त्याहून अधिक काही म्हणायचे नव्हते. ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. त्या संध्याकाळी मुलीला ते दाखवले. तिने दोनदा वाचले आणि काही न बोलता परत दिले.

परवा तिचा फोन आला. आवाज जरा घोगरा होता. म्हणाली, "काका, काल एका आजीचा फोन आला कार्यक्रमात. गाणं सांगायच्या आधी म्हणाल्या, बाई, दोन दिवस झाले तुझा घसा बसलाय, हळद-दूध घेतेस ना?"

मी म्हटले, "आता आधीच्या ताईंची काळजी सोड. तुला तुझं घर मिळालं."