जुन्या प्रशीतक-संकलन यंत्रातील दोषांची परीक्षा

मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा उघडण्यापूर्वी तीतील प्रशीतक, ज्यास कारागीर नुसते ‘गॅस’ म्हणतात, एका यंत्राने ओढून टाकीत साठवावे लागते. पूर्वीचे आर-12 ओझोनच्या थरास घातक ठरल्यामुळे 1987 मध्ये माँट्रियल करार झाला व भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला. त्याच्या जागी आलेले आर-134ए ओझोनला निरुपद्रवी खरे. परंतु वजनास वजन, शंभर वर्षांच्या हिशेबाने ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1400 पट तापकारक आहे. संकलन यंत्र बंद पडले की हा वायू हवेत सोडून देण्याचा मोह होतो. म्हणून यंत्र खरोखर बिघडले आहे काय, हे प्रथम पाहणे अगत्याचे होय.

नवशिक्यास हमखास फसविणारी गोष्ट म्हणजे निर्वातमापकाचा काटा. समुद्रसपाटीस हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटर स्तंभाइतका असतो. लातूर सुमारे 630 मीटर उंचीवर आहे; तेथे हा दाब सरासरीने 705 मिलिमीटरच भरतो. गोदाकाठचे नांदेड सुमारे 360 मीटरवर, म्हणून तेथे 728. तबकडीचा काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेनेच मोजतो. सबब नांदेडात 725 दाखविणारा पंप लातुरात 702 वर थांबला, तर त्यात पंपाचा काहीच अपराध नाही. बिचाऱ्याला उगाच उघडू नये! मात्र लातुरात काटा 650 वरच अडला, तर शंका रास्त आहे. तेव्हा आत 55 मिलिमीटर दाब शिल्लक असतो, आणि त्या दाबाखाली पाणी सुमारे 40 अंशांस उकळते. म्हणजे हिवाळ्याच्या सकाळी नळ्यांतील ओल उकळून निघणारच नाही. अशा वेळी आधी पंपाचे तेल पाहावे. ते दुधाळ झाले असल्यास बदलावे आणि मगच पुढील तपासास लागावे.

दुसरा दोष टाकीत शिरलेल्या हवेचा. टाकी रात्रभर सावलीत ठेवून तिचे तापमान व दाब एकदमच टिपावेत. शुद्ध आर-134ए चा दाब 30 अंशांस मापकावर सुमारे 6.8 बार, तर 40 अंशांस सुमारे 9.2 बार असतो. काटा याहून बराच वर असेल, तर आत हवा आहे किंवा दोन प्रशीतकांची भेसळ आहे. वरच्या वायुझडपेतून अगदी थोडे सोडून टाकी स्थिरावू द्यावी. दाब कोष्टकावर उतरला तर हवा होती असे समजावे. न उतरल्यास भेसळीचा संशय धरावा व तो माल कोणत्याही गाडीत भरू नये.

कॉम्प्रेसर चालतो, पण गाडी रिकामी होत नाही, अशीही तक्रार असते. नळीची झडप बंद करून यंत्र चालवावे. प्रवेशबाजूचा काटा झपाट्याने खाली आला तर कॉम्प्रेसर निर्दोष, अडथळा नळीत किंवा जोडणीच्या खिळीत. न आला तर कॉम्प्रेसरच्या झडपा वा विद्युत्-झडप तपासावी. संकलन थांबविल्यावर दाब थोडा चढून स्थिरावणे ही गळती नव्हे. तेलात विरघळलेला वायू सावकाश बाहेर येत असतो. थोडे थांबून पुन्हा ओढावे.

वजनकाटा ज्ञात वजनाने पडताळावा. लहान गाडीत जेमतेम अर्धा किलो प्रशीतक मावते, तेथे 50 ग्रॅमांची चूकही जाणवते. टाकी चार-पंचमांशाहून अधिक भरू नये. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली द्रवास फुगावयास जागा लागते.