कुत्र्याची सोबत आणि भंडाऱ्याचे रान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कार्तिकात धानाची कापणी उरकून बांध्या मोकळ्या झाल्या, मालगुजारी तलावांच्या पाळीवरची वाट वाळून पायाखाली घट्ट लागू लागली आणि वैनगंगेचे पात्र दोन्ही काठांची वाळू उघडी टाकीत आत सरकू लागले, म्हणजे भंडारा जिल्ह्यात ज्याच्या दारी कुत्रे आहे त्याला सकाळच्या प्रहरी घरात बसवत नाही. मुक्या प्राण्याच्या संगतीने मोकळ्या हवेत कोस-दोन कोस चालण्याचा हा आनंद इतका निर्व्याज आहे, की त्यास समर्थनाची गरज नाही. परंतु हा मुलूख जसा तळ्यांचा तसाच दाट रानाचाही असल्यामुळे, कुत्र्यासह या रानात हिंडण्याविषयी ज्या समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, त्यांपैकी काही कुत्र्याच्या, काही मालकाच्या, तर काही रानातील तिसऱ्याच एखाद्या जिवावर बेततात. आणि म्हणून त्यांचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

सर्वांत दृढमूल समजूत अशी, की कुत्रे बरोबर असले म्हणजे श्वापदाचे भय नाही. कुत्र्याला चाहूल आधी लागते, ते भुंकते आणि भुंकण्याने बिबट्या पळतो, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील पहिली दोन विधाने खरी असली तरी तिसऱ्यावर विसंबता येत नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा अवघा ११ टक्के आढळला. ऊसमळ्यांचा तो प्रदेश आणि आपले सागवानी रान यांत अंतर आहे हे खरे, पण बिबट्याचा स्वभाव एकच आहे : त्याच्या लेखी कुत्रे हे बेताच्या आकाराचे, सहज हाती लागणारे सावज आहे. तिन्हीसांजेला झुडपांच्या कडेने कुत्रे घेऊन जाणारा माणूस आपल्यासोबत संरक्षण नेत असतो त्यापेक्षा अधिक आमिष नेत असतो.

अस्वलाच्या बाबतीत तर हा भ्रम अधिकच घातक ठरतो. चैत्राच्या सुमारास मोहफुले गळू लागली, की ती वेचण्यासाठी पहाटेच्या अंधारात माणसेही झाडाखाली येतात आणि अस्वलेही येतात. मंद दृष्टीचे हे जनावर अवचित दचकले म्हणजे पळण्याऐवजी अंगावर येते. अशा वेळी मोकळे सुटलेले कुत्रे पुढे धावून त्याला डिवचते, आणि ते उलटले की आश्रयासाठी नेमके धन्याच्या पायाशी परतते. त्याच्यामागून अस्वलही येते. कुत्र्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण संकटात धन्याकडे धाव घेणे हीच तर त्याची निष्ठा आहे. मोहाच्या दिवसांत त्याला घरी बांधून जाणे, हे धन्याच्या शहाणपणावर अवलंबून आहे.

दुसरी समजूत कायद्याविषयी आहे. अभयारण्याचा फलक लागतो तेथपर्यंतच मनाई, त्यापलीकडे कुत्रे सोडायला कोणाची आडकाठी नाही, असे अनेक जण प्रामाणिकपणे मानतात. भंडारा शहरापासून जवळच असलेले कोका अभयारण्य २०१३ साली घोषित झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. पवनीच्या बाजूस उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. अशा क्षेत्रांत परवान्यावाचून माणसालाही प्रवेश नाही, आणि सफारीच्या वाहनातून पाळीव प्राणी नेता येत नाही, हे बहुतेकांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेची व्याप्ती बंदूक व फासे यांच्यापुरती मर्यादित नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हुसकून हाकणे, पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे, ही कृत्येही तीत मोडतात, आणि ही मनाई अभयारण्याच्या हद्दीवर संपत नाही. सशामागे किंवा रानडुकरामागे हौसेने कुत्री सोडणारा मनुष्य, सावज हाती लागो वा न लागो, कायद्याच्या दृष्टीने शिकारच करीत असतो. पूर्व विदर्भातील महसुली दप्तरांत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या ज्या पडीक जमिनी गावकऱ्यांना बेवारशी वाटतात, त्याही वनजमिनीच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आहे.

आता ज्या गैरसमजाविषयी मला विशेष कळकळ वाटते, तो सांगतो. नागझिऱ्याच्या रानात कळपाने राहणारा तांबूस वर्णाचा, झुपकेदार काळ्या शेपटीचा रानकुत्रा हा गावातून पळून जाऊन रानटी झालेला कुत्राच होय, अशी समजूत आहे. आणि तो आपले मूत्र शेपटीने उडवून सावजाला आंधळे करतो, ही कथाही सर्वत्र सांगितली जाते. या कथेला कोणताही आधार नाही. रानकुत्रा ही प्रजातीच निराळी आहे. घरच्या कुत्र्याला ४२ दात असतात, याला ४०. तो आपल्या कुत्र्यासारखा भुंकत नाही, तर शीळ घातल्यासारख्या आवाजाने पांगलेल्या सोबत्यांना एकत्र बोलावतो. आणि कळपातील सारी वडीलधारी जनावरे पिलांसाठी शिकारीचे मांस पोटातून आणून भरवतात. जगभर त्याची गणना संकटग्रस्त प्रजातींत होते.

प्रजाती निराळ्या असल्या तरी दोघांचे रोग मात्र समाईक आहेत, आणि खरा धोका तेथेच आहे. डिस्टेंपर, पार्व्हो व रेबीज हे तिन्ही विषाणू गावातील कुत्र्याकडून रानकुत्र्याच्या कळपात जाऊ शकतात. पाणवठ्यावर किंवा रानातल्या वाटेवर आपल्या कुत्र्याने टाकलेली विष्ठा, तेथेच रानकुत्र्याने येऊन हुंगणे, एवढाही संपर्क पार्व्होला पुरतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत डिस्टेंपरच्या साथीने तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले, आणि त्या साथीचा उगम भोवतालच्या वस्त्यांतील कुत्र्यांत असल्याचे मानले गेले. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, तेव्हा तेथेही याच विषाणूचा संसर्ग आढळला. ज्या रानात रानकुत्रा आणि वाघ एकत्र नांदतात, त्या रानाच्या काठावरील लस न टोचलेले कुत्रे किती अनर्थ घडवू शकेल, याची कल्पना यावरून यावी. ‘माझे कुत्रे तर निरोगी दिसते’ हे उत्तर येथे पुरेसे नाही, कारण लक्षणे उघड होण्यापूर्वीच संसर्ग पसरू लागलेला असतो.

असेच धानाच्या बांध्यांविषयी. पावसाळ्यात बांधीत मनुष्याची वर्दळ कमी, म्हणून कुत्र्याला तेथे धावू द्यावे असे वाटते. परंतु महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यत्वे गोंदिया व भंडारा याच भागात उरला आहे, आणि तो नेमक्या त्याच दिवसांत, त्याच पाण्याने भरलेल्या बांध्यांत व तळ्यांच्या काठी घरटे करून बहुधा दोनच अंडी घालतो. एका मोकळ्या कुत्र्याने एका सकाळी त्या जोडप्याचा वर्षाचा विणीचा हंगाम संपुष्टात आणावा, इतका तो संसार नाजूक आहे. आषाढ ते भाद्रपद या काळात कुत्र्याची साखळी हातात ठेवणे, हा त्यावरचा अगदी सोपा उपाय होय.

कुत्र्याला पोहणे उपजतच येते, ही समजूत अर्धसत्य आहे. पाण्यात पडल्यावर पाय हलविणे उपजत असते. ओढीतून बाहेर येणे नव्हे. आखूड तोंडाचे पगसारखे कुत्रे तर लवकर थकून बुडते. वैनगंगेतील वाळूच्या उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. शिवाय नागपूरचे सांडपाणी नाग व कन्हान या नद्यांच्या मार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात येते, तेव्हा तेथले पाणी कुत्र्यास पिऊ न देणे श्रेयस्कर.

उन्हाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. गावठी कुत्रे काटक असते, त्याला ऊन बाधत नाही, असे म्हणणारे लोक हे विसरतात, की कुत्र्याला घामाच्या ग्रंथी जवळजवळ पंजांपुरत्याच असून, अंगातील उष्णता बाहेर टाकण्यास त्याच्यापाशी मुख्यतः धापा टाकणे एवढाच मार्ग आहे. वैशाखात जेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथे दुपारची फेरी प्राणघातक ठरू शकते. कुत्रे झोकांड्या देऊ लागले, हिरड्या लालभडक झाल्या, की त्याला सावलीत घेऊन विहिरीचे साधे पाणी अंगभर ओतावे, वारा घालावा आणि मग दवाखाना गाठावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, कारण त्याने उष्णता आतच कोंडते. लांब केसांच्या कुत्र्याची हजामत केल्याने त्याला गारवा मिळतो, हीही चूक आहे. ते केस उन्हाची धग काही अंशी अडवतात.

साप चावल्यास कुत्रे झाडपाला खाऊन आपले विष आपणच उतरवते, हा समज सोडून द्यावा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर माणसाला जे प्रतिविष देतात तेच कुत्र्यालाही देतात, आणि वेळेवर दिल्यास ते वाचवते. रेबीज हा केवळ उन्हाळ्यात किंवा भादव्यात होणारा रोग नसून तो बारमाही आहे. पिलाला तीन महिन्यांचे होताच पहिली लस व पुढे पशुवैद्य सांगतील त्या मुदतीने, बहुधा दरवर्षी, पुन्हा लस, हा नियम आहे. मनुष्यास कुत्रे चावल्यास चुना, तिखट किंवा हळद न भरता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लस सुरू करावी. पोटातील चौदा इंजेक्शनांचा काळ मागे पडला असून आता दंडावर मोजक्याच मात्रा देतात. परंतु लक्षणे उमटल्यावर या रोगावर उपचार नाही.

कोका, नागझिरा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या कडेच्या गावांत ज्यांच्या घरी कुत्रे आहे, त्यांनी यंदा धान कापणीला येण्यापूर्वीच त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीज, डिस्टेंपर व पार्व्हो या तिन्ही रोगांच्या लसी टोचून घ्याव्यात, आणि शेजाऱ्यासही तसे करावयास सांगावे, ही विनंती आहे.